पडद्यावरची शेवटची पाटी

आमच्या शेवंताच्या लेकीचं बारसं माहेरी, म्हणजे आमच्या घरी, झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सुनेनं, सुलक्षणानं, पुढच्या सोप्याच्या खिडक्या लावल्या, दारावर घोंगडं टांगलं आणि चुना दिलेल्या भिंतीवर यंत्रातून उजेड पाडला. ते यंत्र शाळेचं होतं. सुलू शाळेत संगणक शिकवायला जायची, म्हणून हेडमास्तरांनी महिनाभरासाठी विश्वासानं दिलेलं.

भिंतीवर बारशाचा फोटो आला. माझी बायको तानू पुढं सरकली, मागं सरकली, डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यात प्वार कुटलं आणि उशी कुटली?"

"आत्ती, ती पांढरी उशी. तिच्या शेजारी..."

"ती शेवंता हाय व्हय? मला वाटलं, गाठोडं ठेवलंय."

आतून शेवंता ओरडली, "आये, ऐकू येतंय मला!"

आम्ही हसलो. सुलू हसली नाही. तिनं पुढचा फोटो आणला. तो सुपाचा होता. आमच्याच घरचं सूप, पण भिंतीवर त्याची वीण कुठं दिसेचना. आसट भातासारखं सगळं एकात एक मिसळलेलं.

"मामा, हे असं कॉलेजात दाखवलं तर आपलं काम संपलंच," ती म्हणाली.

काम कोणतं, ते सांगतो. आम्ही बुरूड. सूप, सुपली, रोवळी, डालगं, कणगी, जे बांबूचं करता येईल ते करायचं आणि बाजारात विकायचं. माझ्या बापाच्या वेळी आळीत तेवीस घरांत कोयता चालायचा. त्या वर्षी चार घरं राहिली होती. तालुक्याच्या शेतकी कॉलेजानं बांबूकामाचा सहा महिन्यांचा वर्ग काढायचा ठरवला, तेव्हा आम्ही चारी घरं मिळून गेलो होतो, की वर्ग आम्हाला द्या, आम्ही शिकवतो. ते आदल्या वर्षी. कॉलेजाच्या कमिटीत आण्णासो खोत होते. माणूस मनानं वाईट नव्हता, पण जीभ धार लावलेली. ते म्हणाले, "मल्हारीदा, तुमच्या सुपाला तोड न्हाई. पर हजेरी कोण मांडणार? गुण कोण लिवणार? का समद्या वहीवर अंगठंच उठवायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

घोरपडे मॅडम प्राचार्य होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्गात लिहिता-वाचता येणारा माणूस असला पाहिजे, हा नियम आहे. एक वर्ष थांबते मी. पुढच्या दसऱ्यानंतर सभा आहे. तुमचं काम पडद्यावर दाखवा आणि तुम्ही स्वतः वाचून दाखवा. नाही जमलं तर बाहेरचा प्रमाणपत्रवाला माणूस आणावा लागेल."

मी तेव्हा साठीला टेकलो होतो. त्याच संध्याकाळी सुलूला म्हटलं, "सुले, मला अक्षरं शिकव." तिनं अंकलिपी आणली. सात महिने गेले बाराखडीत. पुढचे तीन महिने जोडाक्षरांत. आळीतली माणसं दारात उभी राहून विचारायची, "काय मल्हारीदा, कितवीला?" तानू आतूनच उत्तर द्यायची, "नापास झालंय. बसलंय परत पैलीला."

तेव्हा सुलूनं हे यंत्र आणलं ते त्या सभेसाठी. भिंतीवर पडणाऱ्या एकेका चित्राला ती काहीतरी इंग्रजी नाव सांगायची. मी आपलं पाटी म्हणायचो. एकूण अकरा पाट्या करायच्या होत्या. बांबू कसा निवडायचा, कसा फाडायचा, सूप कसं विणायचं, वर्गात काय शिकवू.

"पर फोटू तर मोबायलात झ्याक दिसतोय की," तानू म्हणाली.

"मोबाइलात इवलासा असतो ना, आत्ती. इथं मोठा होतो. आणि हे सगळे घरच्या ग्रुपवरून फिरून आलेत. एकानं पाठवला, दुसऱ्यानं पुढं ढकलला. दर वेळी त्यातलं थोडं थोडं गळतं."

मला ते लगेच कळलं. मी म्हटलं, "सुपलीत बारा पात्या असत्यात. तेवढ्याच बारा पात्या धान्याच्या कणगीला लावल्या तर काय हुईल? भोकांतनं उंदीर जाईल. कणगी करायची तर पात्या कणगीच्याच पायजेत."

सुलूनं माझ्याकडं बघितलं. "मामा, हेच मला शिकवणाऱ्या सरांनी दोन तास सांगितलं होतं आणि मला कळलं नव्हतं."

मग आम्ही पहिल्यापासून लागलो. फोटो नव्यानं काढले, दिवसाच्या उजेडात, अंगणात, मोबाइलात जेवढा मोठा निघतो तेवढा मोठा. ग्रुपवर टाकायचा नाही, वायर लावून सरळ संगणकात घ्यायचा. सुलूचा नियम असा, की फोटो लहान करायला हरकत नाही, पण लहानाचा मोठा करायचा नाही. आणि ओढायचा तर कोपऱ्याला धरून ओढायचा. एकदा तिचा हात चुकला, फोटो बाजूनं ओढला गेला आणि त्यातली तानू आडवी पसरली.

"आगं बया! ही कोण म्हणायची?"

"तूच हाईस," मी म्हटलं. "आतनं कशी हाईस ते दाखवतंय यंत्र."

"तुमी गप बसा, न्हाईतर तुमाला उभं वडायला लावीन."

अक्षरांचं दुखणं वेगळं होतं. सुलूनं आधी फोटोवरच अक्षरं टाकली होती, पिवळी, खाली सावली दिलेली. तिला वाचता यायची, शेवंताला यायची, मला येईनात. मी रेघ धरून चाललो की मध्येच बांबूची पाती यायची आणि काना कुठला, पाती कुठली, समजायचं नाही.

"मामा, 'बांबू' आहे ते. बां-बू."

"तू अंदाजानं वाचतीस," मी म्हटलं. "तुला अर्धं दिसलं तरी उरल्यालं ठावं असतंय. मला तसं न्हाई. मी एकेक अक्षर हातात धरून पुढं जातो. एक निसटलं की पडलो."

मग तिनं सगळ्या पाट्या पुसल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ठसठशीत. एका पाटीवर चारच ओळी. फोटो एका अंगाला, मजकूर दुसऱ्या अंगाला. मग सोप्यातून बाहेर, अंगण ओलांडून, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून मला उभं केलं आणि घोंगडं वर करून विचारलं, "दिसतं?"

"वेलांटी दिसत न्हाई."

ती अक्षरं मोठी करायची. परत विचारायची. गोठ्यातली म्हैस माझ्या कानात फुसफुस करायची. मी तिथून "कामट्या सावलीत वाळवाव्या" ही ओळ अख्खी वाचली त्या दिवशी सुलूनं गूळ वाटला.

कॉलेजात ती आधी एकदा जाऊन बघून आली. तिथल्या संगणकात आमच्या पाट्या घातल्या तर अक्षरांच्या जागी रिकामे डबे उमटले. त्या यंत्रात आमची अक्षरंच नव्हती. आणि तिथल्या पडद्याच्या दिव्यात जीव राहिला नव्हता. म्हणून ठरलं, की संगणकही आपला न्यायचा आणि उजेडाचं यंत्रही.

माझा थोरला, सुलूचा नवरा दगडू, ट्रकवर असायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्यानं फोनवर सांगितलं, "आबा, कशाला जिवाला तरास? अकरा पाट्या पाठ करून टाका. कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल," मी म्हटलं.

"आवं पर वर्ग मिळाल्याशी मतलब."

"पाठ तर मी गेल्या वर्षीबी केलं असतं. अंगठेवाल्याचं पाठांतर लई चांगलं असतंय, दगडू. त्याला दुसरं असतंय काय?"

सभेला आठ दिवस होते. तानू गुरुवारच्या बाजाराला गेली होती. बाजारात आमच्या मालाला 'मल्हारीची सुपं' म्हणायचे आणि माणसं दोन गावं ओलांडून यायची. सोप्यात मी आणि सुलू दोघंच होतो. म्हटलं, "सुले, अजून एक पाटी करायची. शेवटची."

"काय लिहू?"

"तू नगं. मी लिवतो."

एका बोटानं लिहायला मला तीन वाजल्यापासून दिवेलागण झाली. ओळी दोनच होत्या. एक 'त' तर मी सहा वेळा पुसला. फोटो कुठला लावायचा तेही मीच दाखवलं. सुलूनं पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं, परत वाचली.

"मामा," ती म्हणाली, "ही अक्षरं अजून मोठी करू."

तानूला बोलायचं नाही, असं आमचं ठरलं.

नवरात्र चालूच होतं. अष्टमीला आम्ही शेवटची रंगीत तालीम घेतली. भिंतीवर सुपाची एकेक पाती मोजून घ्यावी अशी दिसत होती. मी सगळ्या पाट्या गोठ्यापासून वाचल्या, शेवटची सोडून, कारण तानू तिथंच बसली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तानूनं पाट मांडून त्यावर घरातली सगळी हत्यारं ओळीनं लावली. दोन कोयते, सुऱ्या, करवत, दगडूचा पाना, शेवंताचं शिवणयंत्र, सुलूचा संगणक आणि त्याच्या शेजारी शाळेचं यंत्र. कोयत्यांना तेल लावलं, मग सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. आमच्या घरी अशी मांडलेली हत्यारं दसरा उलटेपर्यंत कुणी हलवत नाही. काम बंद म्हणजे बंद. सुलूचा जीव तुटत होता, पुन्हा एकदा लावून बघू म्हणून. पण तानूपुढं कुणाचं चाललंय?

"त्यास्नी बी इसावा लागतो, पोरी. तुज्या यंत्राला काय झालंय? नवंकोरं हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते पाटावरून उचललं आणि थेट कॉलेजात गेलो.

हॉल मोठा होता. पुढं कमिटी, मध्ये घोरपडे मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला आण्णासो खोत, पांढरी टोपी, हातात चहाचा कप. मागं कॉलेजची मुलंमुली, गावातली माणसं. बायकांच्या बाजूला आमच्या चार घरच्या बाया सुपं-परड्या घेऊन बसल्या होत्या. तानू त्यांत पुढं.

"या मल्हारीदा," खोत म्हणाले. "आज अंगठा घरी ठिवून आलाय म्हणं?"

"हाय की हातालाच. गरज पडंल म्हणून आणलाय."

मुलं हसली. मला जरा बरं वाटलं. सुलूनं वायरी जोडल्या, यंत्राचं टोपण काढलं, दिवे घालवले. पडद्यावर पहिली पाटी आली.

ती पाटी धुक्यात होती. अक्षरांना कडाच नव्हत्या. जवळची शेगडी पेटली की पलीकडची वस्तू लवलवते, तशी सगळी अक्षरं लवलवत होती आणि मधोमध तांबूस ढग पसरला होता. सुपाचा फोटो म्हणजे परत आसट भात.

सुलूनं यंत्राचं चाक पुढं फिरवलं, मागं फिरवलं. यंत्र पुढं सरकवलं. तिच्या कपाळावर घाम आलेला मला पडद्याच्या उजेडात दिसत होता.

"मामा, फोटो मोठेच आहेत," ती हळू म्हणाली. "मी काही बदललं नाही. देवाशपथ."

"ठावं हाय मला."

मॅडम म्हणाल्या, "असू द्या, सुलक्षणा. वाचता येतंय आम्हाला. 'बांबूकाम वर्ग, आमची तयारी.' बरोबर ना? चला, मल्हारीराव, करा सुरुवात."

सगळ्या हॉलला वाचता येत होतं. मला येत नव्हतं. पहिली ओळ मला पाठ होती. अकराही पाट्या मला पाठ झाल्या होत्या, इतक्या वेळा वाचून न होतील तर काय. तोंड उघडायचं आणि सोडून द्यायचं, एवढंच काम. सुलूनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बोला, मामा, बोला. मागून कुणीतरी खाकरलं.

मी म्हटलं, "मॅडम, तुमास्नी येतंय वाचाय. मला येत न्हाई."

खोतांनी कप खाली ठेवला. "म्हंजे वर्षभर काय केलंसा, मल्हारीदा?"

"शिकलो. पर ह्यातलं अक्षर मला उमगत न्हाई. तुमी अर्धं बघून अर्धं वळखता. माझं तसं न्हाई. अक्षर सोच्छ दिसलं तर वाचीन, न्हाईतर न्हाई."

"मग पाठ असंल ते म्हणा की."

"पाठ म्हणाय अंगठा पुरतोय, आण्णासो. वाचाय बोलावलंय तुमी."

मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांच्या मागं अजून दोन प्रमाणपत्रवाले आपापल्या पिशव्या घेऊन बसले होते, हेही मला दिसत होतं. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं देते."

मी व्यासपीठावरून उतरलो आणि यंत्रापाशी गेलो. समोरून बघितलं तर डोळे दिपले. मग बाजूला वाकलो, बांबूची गाठ बघायला वाकतो तसा, आणि तिरक्या नजरेनं त्याच्या भिंगात बघितलं.

भिंगाच्या बरोबर मध्यभागी कुंकू होतं. एक बोट, चांगलं तेलात बुडवून दाबलेलं. त्याच्या वर हळद. आणि खालच्या अंगाला एक तांदूळ चिकटलेला. बोटाच्या ठशात आडवी चीर होती. ती चीर मी चाळीस वर्षं ओळखत होतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी कोयता निसटून बसलेली.

मी सरळ झालो आणि बायकांच्या बाजूला बघितलं.

तानू उठून उभी राहिली. "काय बगता? मीच लावलंय."

"कुटं लावलंस ते ठावं हाय का?"

"कपाळाला."

"यंत्राला कपाळ असतंय?"

"मग त्ये गोल काय हाय? समद्यात म्होरं त्येच दिसत हुतं. टोपण काढून आत लावलं. वर टोपणाला लावून काय उपेग? कुंकू हत्याराला लागाय नगं?" आणि हॉलभर बघून ती म्हणाली, "खंडेनवमीला समदी लावत्यात. तुमी कुनी लावत न्हाई का?"

आधी एक मुलगी फिस्सकन हसली. मग सगळा हॉल. खोत टोपी काढून टेबलावर आपटायला लागले. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. सुलू तर खालीच बसली, हसते की रडते कळेना. दोन आठवडे तिनं फोटोतला एकेक ठिपका राखला होता, आणि सासूबाईंनी सगळ्यावर अनामिका ठेवली होती.

तानू पदर सरसावून यंत्राकडं निघाली. मी आडवा झालो.

"पदर नगं. तेल हाय. अजून पसरंल."

"मग काय जिभंनं पुसू?"

मॅडमनी आपल्या चष्म्याच्या डबीतला मऊ फडका काढून दिला. सुलूनं यंत्र बंद केलं, तांदूळ नखानं उचलला आणि भिंग हळूहळू, गोल गोल पुसलं. दोनदा फुंकर घातली. फडका लाल झाला. परत दिवा लावला.

पडद्यावर सूप आलं. काय सांगू? भिंतीएवढं सूप, आणि त्यात एकेक पाती वेगळी, पातीवरची हिरवट रेघ वेगळी, कडेला बांधलेल्या वादीचा पीळन् पीळ वेगळा. मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली. बाजूला काळी अक्षरं, कोरल्यासारखी.

मी वाचायला लागलो. बोट धरायला तिथं जागा नव्हती, म्हणून हवेतच बोट चालवत होतो. "बां-बू-का-म व-र्ग." एक शब्द झाला की दम घ्यायचा, मग पुढचा. पहिल्या पाटीला खूप वेळ लागला. दुसरीला कमी. चौथ्या पाटीवर 'सावलीत' या शब्दाशी थोडा अडखळलो, तर मुलांतून कुणी सांगायला गेलं. खोत गरजले, "गप रं! त्यांचं त्यांस्नी वाचू द्या." मग मात्र हॉलमध्ये कुणी हललं नाही. मी कोयत्यानं पेरं तोडत जावी तशी अक्षरं तोडत गेलो. अकरावी पाटी संपली तेव्हा अंगातला सदरा भिजला होता.

टाळ्या पडल्या. मॅडम उठायला लागल्या.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एक हाय."

सुलूनं शेवटची पाटी आणली. तिच्यावर दोन हात होते, सुपाची पहिली पाती ओवणारे. चिरा पडलेली बोटं, नखांच्या कडेला काळी रेघ, मनगटावर हिरव्या बांगड्या. इतके स्वच्छ, की बोटावरची जुनी आडवी चीरसुद्धा दिसत होती. चेहरा नव्हता. चेहऱ्याचा फोटो ती काढू देत नव्हती. शेजारी दोन ओळी.

मी वाचलं. "हजेरी आणि लिहिणं : मल्हारी विठू साळुंखे." मग थांबलो. खालची ओळ मीच लिहिली होती, तरी मला ती पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं. "शिकवणार : तानूबाई मल्हारी साळुंखे."

कुणी काही बोलायच्या आत बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"आवं, चुकलं तुमचं! नीट वाचा."

"नीटच वाचलंय."

"तितं माजं नाव कशाला असंल? उगा काय बी वाचू नगा साएबांम्होरं. सुले, त्यास्नी सांग काय लिवलंय."

सुलू म्हणाली, "आत्ती, तेच लिहिलंय."

तानूनं पडद्याकडं बघितलं. तिला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं. ती हात बघत होती. मग ती खाली बसली आणि स्वतःचे हात मांडीवर उताणे करून तिनं एकदा बघितले.

खोत म्हणाले, "मल्हारीदा, ही काय भानगड? वाचाय शिकला तुमी आणि मास्तर ह्या?"

"आण्णासो, बाजारात 'मल्हारीची सुपं' म्हणून जी विकली, त्यातलं एकबी मी विणलं न्हाई. मी बांबू फोडतो, पात्या काढतो, डोक्यावर माल घेऊन बाजारात बसतो. वीण समदी हिची. माझ्या हाताला तेवढी बारीक चाल न्हाई. लोकं मला शाबास म्हणायची आणि मी घ्यायचो. कुटं लिवल्यालं नव्हतं, म्हणून चाललं."

"पर नेम हाय. शिकवणाऱ्याला..."

"नेम मॅडमनी सांगितलाय. वर्गात लिवता-वाचता येणारा माणूस पायजे. त्यो मी हाय. आत्ताच बगितलासा."

खोत मॅडमकडं वळले. मॅडमनी समोरचा कागद उचलला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "वर्गात लिहिता-वाचता येणारी व्यक्ती असावी, एवढंच लिहिलंय. सूप कोणी विणून दाखवायचं, ते इथं कुठंही लिहिलेलं नाही."

"मग मिटलं," खोत म्हणाले. त्यांनी बायकांच्या बाजूला मान वळवली. "काय वैनी, शिकवशीला न्हवं?"

तानूनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि उभी राहिली. "शिकवीन की. पर तुमास्नी न्हाई."

"का वं?"

"तुमची बोटं जाड हाईत. सुपानं पाखडाय चालतील, पर विणताना पाती मोडून ठिवशीला."

त्यावर जो हशा झाला तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला असं नंतर कॉलेजचा शिपाई सांगत होता.

परतताना बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली. मांडीवर शाळेचं यंत्र घेतलेलं, लेकरासारखं. मग म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई व्हय? जरा बरं लुगडं नेसले असते."

"आदी सांगितलं असतं तर आली असतीस?"

"न्हाई."

"मग? तुझ्या नावातला 'त' लिवताना सहा वेळा पुसलाय मी."

"मग काय? उद्यापास्नं त्या 'त'चं काय ते दाखवा मला. माजं नाव तेवढं येऊ द्या."

कार्तिकात वर्ग सुरू झाला. पहिल्या वर्षी चौदा मुलंमुली होती. मी टेबलाशी बसून हजेरी मांडायचो, ती जमिनीवर बसून शिकवायची. कुणाची वीण सैल पडली की ती अख्खं सूप उसवायला लावायची आणि वर मला म्हणायची, "मास्तर, ह्याला आज गैरहजर लावा. हितं हाय, पर ध्यान न्हाई." सहा वर्षं तिनं शिकवलं. तिच्या हाताखालून शिकलेल्यांतली नऊजणं आज स्वतःचा माल विकतात, आणि विकताना सूप तानूबाईंचं म्हणून सांगतात.

आण्णासो खोत दोन हजार एकवीस साली, ऐन पावसाळ्यात, गेले. तानूबाई मल्हारी साळुंखे, माझी बायको, दोन हजार तेवीस साली, माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी वारली.